टी-शर्ट उलटा करून पाहावा

हार्बर मार्गावरील गोवंडीत, विशेषतः शिवाजी नगर आणि बैंगनवाडी या दाट वस्त्यांत, शिलाईचे छोटे कारखाने आणि त्यांच्या आधाराने घराघरांत चालणारे धागे कापण्याचे, टिकल्या लावण्याचे व जरीचे काम हे अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याचे साधन आहे. या कामात मजुरी नगावर ठरते आणि नापास झालेल्या नगाचा भुर्दंड शेवटी शिवणाऱ्यावरच येतो. म्हणून जाणता कारीगर शिवून झालेला कपडा आधी उलटा करतो, शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून ती ताणतो आणि मगच तो नग बाजूला रचतो. गिऱ्हाईक मात्र तोच कपडा दुकानात सुलट बाजूने पाहते, आणि छातीवरचे चित्र, कंपनीचे नाव व किमतीची चिठ्ठी एवढ्यावर त्याचा निर्णय होऊन जातो. रोज वापरायचे टी-शर्ट आणि हुडी यांची निवड नीट व्हायची असेल, तर गिऱ्हाइकाने कारीगराची ही सवय उचलावी, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे. कारण या कपड्यांचा टिकाऊपणा ज्या गोष्टींवर अवलंबून असतो त्यांतील बहुतेक आतल्या बाजूला असतात.

मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद दोन वेगळ्या क्रियांसाठी वापरले जाते, आणि टी-शर्टाचे बरेचसे गुणदोष या दोन क्रियांमधील फरकातूनच निघतात. मागावरच्या विणकामात उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांना काटकोनात ओलांडतात. सुयांवरच्या विणकामात, म्हणजे घरी लोकरीचा स्वेटर विणताना होते त्याप्रमाणे, सुताचे फास एकमेकांत अडकवत नेले जातात. मुंबईचा वस्त्रोद्योग वाढला तो पहिल्या प्रकारावर. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी स्थापन केलेल्या गिरणीपासून १९८२ च्या संपापर्यंत गिरणगावातून जे कापड बाहेर पडले ते मुख्यतः ताण्याबाण्याचे होते, आणि आजही भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथील यंत्रमाग तेच कापड विणतात. टी-शर्टाचे कापड फासांचे असते. व्यापारात त्याला होजियरी म्हणतात, ते गोल यंत्रावरून नळीसारखे उतरते, आणि त्याचे भारतातील सर्वांत मोठे केंद्र तमिळनाडूतील तिरुपूर हे असून थंडीच्या जाड मालासाठी लुधियाना प्रसिद्ध आहे. फासांचे कापड ताणले की लांबते आणि सोडले की मूळ जागी येते. अंगावर ते सुखाचे वाटते ते याच गुणामुळे, आणि गळा लोंबणे, शिवण फिरणे, कपडा आडवा पसरून लांबीला आखूड होणे हे त्याचे नेहमीचे रोगही याच गुणाच्या दुसऱ्या बाजूने येतात. म्हणून सदऱ्याचे कापड पारखण्याची जुनी रीत, म्हणजे चिमटीत चुरगळून सुरकुती किती पडते ते पाहणे, येथे फारशी उपयोगी पडत नाही. त्याऐवजी कापड दोन्ही हातांनी आडवे ताणावे, पाच अंक मोजावेत आणि सोडून द्यावे. ते लगेच आपल्या जागी आले तर ठीक, मध्ये फुगवटा राहिला तर तो धुण्यागणिक वाढत जाणार हे समजावे.

तंतूचा प्रश्न मुंबईपुरता तरी हवामानाने बराचसा सोडवून ठेवला आहे. प्रमाणित हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे ऑक्टोबरच्या उकाड्यात गर्दीच्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर सुती टी-शर्ट घाम शोषून घेतो आणि साधा पॉलिएस्टरचा टी-शर्ट तो त्वचेवरच ठेवतो. खेळासाठी बनवलेले पातळ, जाळीदार पॉलिएस्टर हा अपवाद आहे, कारण ते घाम शोषत नसले तरी बाहेरच्या बाजूला पसरवून लवकर वाळवते; पण त्यात घामाचा वास धरून राहतो, ही तक्रार खरी आहे. सुती आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्र कापडावर, म्हणजे पॉलिकॉटनवर, काही महिन्यांत बारीक गोळे दिसू लागतात, आणि त्याचे कारण थोडे चमत्कारिक आहे: सुती कापडावरही गोळे येतात, पण कापसाचा तंतू कमजोर असल्याने ते तुटून गळून जातात, आणि पॉलिएस्टरचा मजबूत तंतू मात्र त्यांना धरून ठेवतो. व्हिस्कोस हा लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला तंतू मऊ, थंड आणि अंगावर छान पडणारा असतो, पण तो ओला झाला की दुबळा होतो, तर कापूस ओला झाल्यावर उलट अधिक मजबूत होतो. जेथे कपडे मोरीत ब्रशने घासून आणि पिळून धुतले जातात, तेथे हा फरक किरकोळ मानता येत नाही. पाच टक्क्यांच्या आसपास लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा तंतू, असलेले कापड आकार चांगला राखते. त्याला गरम पाणी आणि कडक इस्त्री सोसत नाही एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

चिठ्ठीवर ‘कॉटन फील’, ‘कॉटन रिच’, ‘सॉफ्ट कॉटन’ असे शब्द असतील तर त्यांतून काहीच कळत नाही. टक्केवारी लिहिलेली असेल तरच तो मजकूर माहिती ठरतो. शंका असल्यास घरी आणलेल्या कपड्याच्या आतल्या शिवणीजवळून कापडाचा एक धागा ओढून तो चिमट्यात धरून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास येतो आणि मागे बोटाने विस्कटणारी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसत वितळतो आणि मागे कडक मणी राहतो. येथे एक चूक हमखास होते: ओढलेला धागा कापडाचा नसून शिलाईचा असतो, आणि शिलाईचा धागा बहुधा पॉलिएस्टरचाच असल्यामुळे शुद्ध सुती कपड्यालाही भेसळीचा आरोप सोसावा लागतो.

शंभर टक्के सुती एवढ्यावर गुणवत्ता ठरत नाही, कारण कापूस आणि कापड यांच्यामध्ये सूत असते. कापूस नुसता पिंजून काढलेले सूत ‘कार्डेड’ म्हणवले जाते. पिंजल्यानंतर तो विंचरून त्यातील आखूड तंतू आणि कचरा काढून टाकला की जे सूत निघते ते ‘कोम्ब्ड’. डोक्याचे केस आणि कापूस यांना एकच न्याय लागू होतो: विंचरल्याने माल कमी होतो, पण जे उरते ते सरळ आणि गुळगुळीत असते. कार्डेड सुताचा टी-शर्ट तिरप्या उजेडात धरला तर पृष्ठभागावर लव दिसते, आणि उजेडाच्या आड धरला तर कापडात ढगांसारखे जाड-पातळ पट्टे दिसतात. सुताची जाडी ‘काउंट’ने सांगितली जाते. ८४० यार्ड लांबीची एक लडी धरून, एक पौंड वजनात जितक्या लड्या बसतात तो त्या सुताचा काउंट होय. म्हणजे काउंट जितका मोठा तितके सूत बारीक. रोजच्या टी-शर्टात बहुधा ३० काउंटचे सूत असते, जाडसर मालात २४ किंवा २० काउंटचे. कापसाच्या तंतूची लांबी, बळकटी आणि बारीकपणा मोजण्याचे शास्त्र मुंबईतच माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९२४ पासून वाढत आले आहे. दुकानात मात्र गिऱ्हाइकाजवळ बोट, डोळा आणि उजेड एवढीच साधने असतात आणि बहुतेक वेळा ती पुरतात.

जीएसएम हा शब्द अलीकडे जाहिरातींतून घरोघरी पोचला आहे, आणि त्याच्याबरोबर एक गैरसमजही पोचला आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. तो वजनाचा आकडा आहे, दर्जाचा नव्हे. निकृष्ट सुताचे २२० जीएसएमचे कापड हे जाड निकृष्ट कापड असते, एवढेच. मुंबईच्या दमट हवेत रोज घालायच्या टी-शर्टाला १५० ते १८० जीएसएम पुरेसे आहे. १३० च्या खाली गेले की फिका रंग अंगावर पारदर्शक दिसतो, आणि २०० च्या वर गेले की छान पडणारा, फोटोत उठून दिसणारा तो कपडा जुलै महिन्यात दोन दिवस दोरीवर लोंबत राहतो. विक्रेत्याने सांगितलेला आकडा घरच्या काट्यावर पडताळता येतो. सपाट ठेवल्यावर छातीला ५० सेंटीमीटर रुंद आणि ७० सेंटीमीटर लांब अशा टी-शर्टाच्या पुढच्या-मागच्या भागांना मिळून ०.७ चौरस मीटर कापड लागते. बाह्या, गळपट्टी आणि आत दुमडलेले कापड धरले की ही बेरीज ०.९ च्या आसपास जाते. त्यामुळे १८० जीएसएमचा म्हणून विकलेला या मापाचा टी-शर्ट साधारण १६० ग्रॅम भरायला हवा. तो १२५ ग्रॅमच भरला तर कापड १४० जीएसएमच्या घरातले आहे. छातीवर जाड रबरी छपाई असेल तर तिचे वजन यातून वजा धरावे.

विणीचे प्रकार थोडक्यात सांगता येतात. सिंगल जर्सी ही नेहमीची वीण. तिची सुलट बाजू गुळगुळीत आणि उलट बाजू आडव्या अर्धगोलांची दिसते, व कापलेली कड आपोआप गुंडाळली जाते. इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सारखी, थोडी जाड आणि आकाराला स्थिर. पिके ही खळग्यांची वीण कॉलरच्या टी-शर्टात वापरतात. रिब म्हणजे उभ्या रेघांची लवचीक वीण. तिचे खरे स्थान गळपट्टीत आणि हुडीच्या मनगटात असते.

दुकानातला मऊपणा हा सर्वांत फसवा पुरावा आहे. कापड रंगवल्यानंतर त्यावर मऊपणा आणणारी रसायने चढवली जातात. ती दोन-चार धुण्यांत निघून जातात आणि खाली असलेले सूत तेव्हा प्रथम भेटते. ‘बायोवॉश’ ही प्रक्रिया याहून वेगळी आणि टिकाऊ आहे: तीत सेल्युलेज हे विकर कापडावरची लव खाऊन टाकते, त्यामुळे पृष्ठभाग स्वच्छ राहतो व गोळे कमी येतात. आटण्याच्या बाबतीतही असेच. फासांचे कापड तयार होताना लांबीच्या दिशेने ओढले गेलेले असते आणि पहिल्या पाण्यात ते ओढ सोडते. चांगला उत्पादक कापणीपूर्वीच कापड दाबून-वाफवून हे आटणे उरकून घेतो, ज्याला ‘प्री-श्रंक’ म्हणतात. तरीही पाच टक्क्यांपर्यंतचे आटणे व्यवसायात चालवून घेतले जाते, आणि ७० सेंटीमीटर लांबीवर पाच टक्के म्हणजे साडेतीन सेंटीमीटर होतात. वाकल्यावर पाठ उघडी पडते ती याच साडेतीन सेंटीमीटरांनी, हे ध्यानात घेऊन लांबी बेताची असलेला सुती टी-शर्ट सोडून द्यावा. छातीला तो चांगला बसत असला तरीही.

आता कपडा उलटा करावा. प्रथम बाजूची शिवण पाहावी. सुताला पीळ असतो, तो उलगडू पाहतो, त्याने फास तिरके होतात आणि धुतल्यावर काखेखालची शिवण हळूहळू पोटावर येते. या दोषाला कापडशास्त्रात ‘स्पायरॅलिटी’ म्हणतात आणि बोली भाषेत शिवण फिरली म्हणतात. नवा टी-शर्ट खांद्याच्या दोन टोकांना धरून उंच करावा: बाजूच्या शिवणी सरळ खाली उतरून खालच्या दुमडीच्या कोपऱ्यातच मिळत असतील तर कापणी ठीक आहे. फास उभ्या ओळीत शिवणीला समांतर जातात की तिच्याकडे सरकत जातात, हेही भिंगाशिवाय डोळ्यांनी दिसते. काही टी-शर्टांना बाजूची शिवणच नसते, कारण ते यंत्रावरून उतरलेल्या नळीतूनच कापलेले असतात. त्यात फिरण्याचा दोष जात नाही, फक्त तो दाखवून देणारी रेघ जाते.

त्यानंतर टाका. आतल्या कडा एकाच वेळी कापून, वेढून शिवणारे ते ओव्हरलॉक. बाही आणि खालची दुमड यांवर बाहेरून दोन समांतर रेघा आणि आतून जाळी दिसते ती दोन सुयांच्या, कारखान्यात फ्लॅटलॉक म्हणवल्या जाणाऱ्या यंत्राची शिलाई. एका इंचात दहा ते बारा टाके असावेत, पण मोजण्यापेक्षा ताणणे अधिक खरे बोलते: खालची दुमड दोन्ही हातांनी पूर्ण ताणावी, आणि धागा तुटल्याचा बारीक चट् आवाज आला तर तो टी-शर्ट पहिल्यांदा डोक्यावरून ओढतानाच उसवणार हे निश्चित. ताणलेल्या शिवणीच्या कडेने टाचणीने टोचल्यासारखी रांग दिसते का हेही पाहावे. होजियरीला गोल टोकाची सुई लागते, जी फासांच्या मधून वाट काढते. टोकदार किंवा बोथट झालेली सुई फास कापत जाते, आणि अशी कापलेली भोके नव्या कपड्यात जेमतेम दिसत असली तरी धुण्यात ती शिडीसारखी उसवत जातात. हा दोष दुरुस्त होत नाही. शिवणीत आत राहिलेले कापड फार अरुंद असणे, कोपऱ्यांत लोंबते धागे असणे, दुमड लाटांसारखी वेडीवाकडी असणे ही घाईची लक्षणे होत; त्यांतील लोंबता धागा मात्र क्षम्य मानावा, कारण तो कापणाऱ्या हाताला एका नगामागे फार थोडा वेळ आणि त्याहून थोडे पैसे मिळतात.

खांदा आणि गळा यांवर कपड्याचे सारे वजन लटकते. खांद्याच्या शिवणीत आतून अरुंद पट्टी शिवलेली असेल तर खांदा लांबत नाही; मानेच्या मागे गळ्याची शिवण झाकणारी पट्टी असेल तर ती घासत नाही आणि गळाही आकार धरून राहतो. गळपट्टी रिबची, दुहेरी आणि थोडा लायक्रा असलेली असावी, व शिवताना ती किंचित ताणून बसवलेली असावी, म्हणजे ती मानेलगत सपाट पडते. ती डोके जाईल एवढी ताणून सोडावी. कापड उत्तम आणि गळपट्टी भिकार असा टी-शर्ट वर्षभरात घरात घालायच्या ढिगात जातो. याउलट मध्यम कापडाचा पण चांगल्या गळ्याचा टी-शर्ट बाहेर घालण्याजोगा राहतो. एकाच कसोटीवर निवड करायची वेळ आली तर ती गळ्याची असावी.

रंग आणि छपाई यांची परीक्षा ओल्या पांढऱ्या रुमालाने होते. रुमालाचे टोक पाण्यात बुडवून कपड्याच्या आतल्या दुमडीवर दहा वेळा घासावे. काळा, गडद निळा आणि लाल हे रंग थोडे सोडतातच, पण रुमाल रंगून निघाला तर रंग कापडाशी जोडला गेलेला नाही. मीठ किंवा व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात तो पक्का होतो ही समजूत घरोघर असली तरी बाजारातल्या रंगवलेल्या सुती मालाला तिचा उपयोग नाही. सुटा रंग धुऊन काढणे, तेही वेगळ्या बादलीत, हाच उपाय. छपाईत रबरासारखा थर कापडावर बसतो तो प्लास्टिसोलचा. तो झळकतो, पण मोठ्या आकारात असला तर छातीवर घाम अडवतो. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची छपाई हाताला जवळजवळ लागत नाही आणि हळूहळू फिकटते. पातळ फिल्मवरून उष्णतेने चिकटवलेली छपाई ताणून पाहावी: बारीक तडे दिसले तर ती चिकटवताना उष्णता किंवा वेळ कमी पडला आहे.

छपाईचा प्रश्न वैयक्तिक खरेदीपेक्षा सामुदायिक खरेदीत अधिक महाग पडतो. गोविंदा पथके, गणेशोत्सव मंडळे आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकांतील तरुण यांच्यासाठी एकेका वेळी शेकड्यांनी टी-शर्ट छापून घेतले जातात, आणि सणाच्या आदल्या रात्री माल हाती आल्यावर दोष काढण्याला अर्थ उरत नाही. अशा वेळी भावतोल करण्याआधी एक छापलेला नमुना घ्यावा, तो दोनदा धुऊन वाळवावा, धुण्याआधीची व नंतरची मापे लिहून ठेवावीत, आणि तोच नमुना सहीनिशी दोन्ही पक्षांकडे जपावा. हजारांच्या संख्येने माल घेणाऱ्या संस्थांना किंवा स्वतःचा शिलाईचा व्यवसाय करणाऱ्यांना प्रयोगशाळेची चाचणीही दूर नाही: घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर १९५४ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन कापडाचे वजन, आटणे, रंगाचा पक्केपणा आणि तंतूंचे प्रमाण यांची चाचणी शुल्क घेऊन करते.

हुडी हा मुळात थंड प्रदेशातील पोशाख. शीतगृहांतले कामगार आणि सरावाला उतरणारे खेळाडू यांच्यासाठी तो १९३० च्या दशकात अमेरिकेत घडला. मुंबईत जानेवारीतले पहाटेचे तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे येथे हुडी लागते ती प्रत्यक्ष थंडीपेक्षा वातानुकूलित कचेरीसाठी, रात्रपाळीच्या बससाठी, पहाटेच्या दुचाकीसाठी आणि नाशिक-महाबळेश्वरच्या फेरीसाठी. म्हणून पहिला निर्णय आतल्या बाजूचा करावा. आत उघडे फास दिसतात ते फ्रेंच टेरी, ज्याला आपल्याकडे लूपनिट असेही म्हणतात. आतले फास तारांच्या ब्रशने ओरबाडून लोकरीसारखे फुगवले की ते फ्लीस होते. फ्लीस उबदार असते, पण ते जाड असते, सुरुवातीला आतल्या बनियनवर तंतू सोडते, काही काळाने आत गुठळ्या धरते आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही. ज्या घरात कपडे वाळवायला पोटमाळ्याखालची एक दोरी असते, तेथे २४० ते २८० जीएसएमची लूपनिट हुडी घेणे शहाणपणाचे. ३२० च्या पुढचे फ्लीस थंडीच्या गावी जाणाऱ्यांसाठी ठेवावे. हुडीत थोडे पॉलिएस्टर असणे दोष मानू नये, त्याने ती लवकर वाळते व आकार धरते. बाहेरची बाजू सुती राहावी एवढे पाहिले म्हणजे पुरे.

हुडीचे बाकीचे अवयव हाताने तपासावेत. टोपी दोन पदरी असली तर उभी राहते, एकपदरी पाठीवर चिंधीसारखी पडते. मनगटाची आणि कमरेची रिब ताणून सोडावी. पोटावरच्या खिशाच्या वरच्या कोपऱ्यांवर दाट, आडव्या टाक्यांची गाठ असावी, कारण मोबाइलच्या वजनाने हुडी प्रथम फाटते ती तेथेच. चेन असेल तर ती तीन-चार वेळा वर-खाली करावी, आणि बंद केल्यावर पुढचा भाग सापासारखा वळवळतो का ते पाहावे. तो वळवळत असेल तर चेन आणि कापड यांची लांबी जुळलेली नाही, व धुतल्यावर हा दोष वाढतो. लहान मुलांच्या हुडीच्या गळ्याशी नाडी असूच नये. खेळाच्या मैदानावरील घसरगुंडीत, वाहनाच्या दारात अशी नाडी अडकून गळफास बसल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत १९९६ मध्ये तिच्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या गेल्या. आपल्याकडच्या बाजारात ती अजून सर्रास मिळते, आणि विकत घेतल्यावर ओढून काढायला एक मिनिटही लागत नाही.

कोठून घ्यावे, याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. पदपथावरील ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र पडलेल्या असतात: निर्यातीच्या मागणीपेक्षा जास्त शिवला गेलेला चांगला माल, तपासणीत नापास झालेले नग, आणि ज्यांचा निर्यातीशी काही संबंध नाही असे टी-शर्ट. कापलेले लेबल पहिल्या प्रकारात आढळते म्हणून ते तिसऱ्यातही मुद्दाम कापले जाते. नापास नग घेण्यात कमीपणा नाही, मात्र तो कशासाठी नापास झाला हे सापडेपर्यंत घेऊ नये. छपाई अर्धा इंच सरकलेली असेल तर तो स्वस्तात मिळालेला उत्तम कपडा, आणि कापडात विणीचा फास सुटलेला असेल तर ते भोकाचे आगाऊ आरक्षण. कुर्ला, चेंबूर किंवा गोवंडीच्या स्थानिक बाजारात बिननावाचा टी-शर्ट नामांकित दुकानातल्या टी-शर्टाच्या बरोबरीचा निघू शकतो, कारण शिवणारे हात बहुधा सारख्याच शिक्षणाचे असतात. फरक असतो तो कापडात, सुईत आणि तपासायला दिलेल्या वेळात, व तो फरक वर सांगितलेल्या रीतीने कोणालाही ओळखता येतो. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे, पण तेथे सांगण्यासाठी हाती बिल लागते.

धुण्याविषयी थोडेच सांगावे लागते. कपडा उलटा करून, थंड पाण्यात, गडद रंग वेगळे ठेवून धुवावा. धोपटू नये, पिळताना दोरासारखा पीळ देऊ नये, कारण ओल्या फासांना दिलेला तो पीळ शिवण फिरण्याला मदतच करतो. हॅंगरला ओली हुडी टांगली की तिच्या स्वतःच्या वजनाने खांदे लांबतात. ती दोरीवर मधोमध घडी घालून वाळत घालावी, आणि पावसाळ्यात पंख्याखाली टोपी उघडी करून ठेवावी, कारण शेवटपर्यंत ओली राहते ती टोपीची शिवण. नवा कपडा पहिल्यांदा भिजवण्याआधी त्याची छाती आणि लांबी मोजून बिलाच्या मागेच लिहून ठेवावी, आणि तिसरे धुणे होईपर्यंत ते बिल टाकून देऊ नये.